हाताने टाकलेला चेंडू

त्या हिवाळ्यात ऑर्विलने वाकवलेल्या चारही काठ्या मोडल्या.

पहिली मोडली तेव्हा त्याने लाकडाला दोष दिला. झाड ओढ्याकाठचं होतं, पाणी जास्त प्यायलेलं. दुसरी मोडली तेव्हा वाफेला दोष दिला. तिसरीच्या वेळी स्वतःच्या मनगटांना. चौऱ्याहत्तर वर्षांची मनगटं, त्यांना बोल लावला तर ती काही उलटून बोलत नाहीत. चौथी मोडली तेव्हा मात्र दोष द्यायला कोणी उरलं नाही.

लॅक्रॉस या खेळाची, चेंडू झेलायची-फेकायची लाकडी काठी म्हणजे आज मनात आलं आणि उद्या हातात आली, असं नसतं. हिकरीच्या चिवट लाकडाचा सरळ ओंडका शोधायचा, त्याच्या उभ्या फाळी करायच्या, एकेक फाळ तासून बारीक करायची. मग टोक वाफेवर मऊ करून गुडघ्याचा जोर लावून वाकवायचं, तारेने आवळून टाकायचं आणि महिनोन्महिने आढ्याला टांगून ठेवायचं. वाळली की पुन्हा तासायची आणि शेवटी टोकाच्या त्या वळणात कातडी वाद्यांची जाळी विणायची. एकूण दहा महिने. आईच्या पोटात पोर असतं त्याहून एक महिना जास्त, असं ऑर्विलचा मामा म्हणायचा. ऑर्विलने अशा हजारेक काठ्या केल्या होत्या. वाकवताना मोडायची ती शंभरात पाच-सहा. ओळीने चार कधीच नाही.

चौथी मोडली ती क्लिफर्डच्या देखत. क्लिफर्ड म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त. रोज सकाळी शेडमध्ये यायचा, शेगडीजवळची खुर्ची पकडायचा, कामाला हात लावायचा नाही आणि सल्ला दिल्याशिवाय राहायचा नाही.

काडकन आवाज झाला तसा तो म्हणाला, "ही पण गेली."

"दिसतंय मला."

"दुसरं टोक कोणीतरी धरून बसलंय बघ."

क्लिफर्ड थट्टेतच बोलला होता. ऑर्विल मात्र हसला नाही. त्याने दोन्ही तुकडे उचलून शेगडीत घातले आणि शेडच्या मागच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. दुपारचे तीन वाजत आले होते. तीन वाजले की तो आवाज यायचा.

धप्.

मग बराच वेळ काही नाही.

धप्.

"ऐकलंस?" ऑर्विलने विचारलं.

"काय?"

"काही नाही."

"कान तपासून घे म्हाताऱ्या," क्लिफर्ड म्हणाला. "आणि डोळेही घे. फुकट आहे आपल्या दवाखान्यात."

हा आवाज ऑर्विलला नवा नव्हता. भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज. वर्षातून एखाद्या वेळेला, मार्च महिन्यात, तो ऐकू यायचा, आणि ऑर्विल दुसऱ्या कामाला लागायचा. पण व्हेर्नाचा अर्ज शाळा समितीपुढे गेला, तेव्हापासून तो रोजचा झाला होता.

व्हेर्ना ही त्याच्या बहिणीची मुलगी. बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. नदीअलीकडच्या मूळनिवासी वस्तीतली पोरं पूल ओलांडून गावातल्या हायस्कुलात जायची, ती तिच्याच बसने. त्या हायस्कुलात फुटबॉल होता, बेसबॉल होता, कुस्ती होती, पोहणंसुद्धा होतं. लॅक्रॉस नव्हता. ज्या खेळात वस्तीतलं पोर पाळण्यात असताना त्याच्या शेजारी बोटभर काठी ठेवतात, जो खेळ आजारी माणूस बरा व्हावा म्हणून लांबघरासमोर, म्हणजे वस्तीच्या सभा-विधींच्या घरासमोर खेळतात, तो खेळ शाळेच्या यादीत नव्हता. पोरं शाळा सुटल्यावर वस्तीच्या मैदानात खेळायची. पण शाळेचा गणवेश नाही, शाळेचा प्रशिक्षक नाही, कॉलेजवाले बघायला येत नाहीत. सहा वर्षं व्हेर्ना त्यासाठी अर्ज करत होती. कधी मैदान नाही म्हणून परत, कधी विमा नाही म्हणून परत. सातव्या वेळी तिने अर्जाचं पहिलं पान बदललं. पहिल्या पानावर तिने लेव्हायची गोष्ट घातली.

ती गोष्ट वस्तीत सगळ्यांना माहीत होती. आज हायस्कूल आहे त्याच जागेवर पूर्वी सरकारची वसतिशाळा होती. वस्तीतली पोरं तिथे नेऊन ठेवायचे. आपली भाषा बोललं की साबणाने तोंड धुवायचे, आणि काठी सापडली की धोबीघराच्या भट्टीत घालायचे. ऑर्विलचा थोरला भाऊ लेव्हाय चौदा वर्षांचा होता. त्याची काठी जाळली, आणि त्याच हिवाळ्यात तो छातीच्या रोगाने गेला. रिकाम्या हाताने गेला. आमच्यात खेळणाऱ्या पुरुषाबरोबर त्याची काठी पेटीत ठेवतात. तिकडे डोळे उघडले की पहिला हात काठीला जातो आणि माणूस थेट खेळात उतरतो, असं म्हणतात. लेव्हायचा हात कशाला गेला असेल?

गोष्ट अशी होती. चौसष्ट वर्षं ऑर्विलने ती अशीच सांगितली होती.

शुक्रवारी व्हेर्ना मक्याच्या सूपचं भांडं घेऊन शेडमध्ये आली. भांडं ठेवता ठेवता तिने आढ्याकडे पाहिलं.

"चौथी कुठंय?"

"शेगडीत," क्लिफर्ड म्हणाला. "चांगली पेटली. लाकूड उत्तम होतं."

"मामा, मंगळवारी बैठक आहे."

"माहीत आहे."

"शाळेच्या दारात काचेचं कपाट लावलंय त्यांनी. मी सांगितलं होतं, आमच्या मामाच्या हातची काठी देऊ म्हणून. आता काय बेसबॉलचा दांडका ठेवू त्यात?"

"तयार काठ्या आहेत की त्या पेठेतल्या दुकानात," क्लिफर्ड म्हणाला. "प्लॅस्टिकच्या. गुलाबी पण मिळते."

"क्लिफ, तू सूप पी आणि गप बस." व्हेर्ना भिंतीकडे वळली. तिथे खिळ्यावर ऑर्विलची स्वतःची काठी टांगलेली होती. तिने हात पुढे केला नाही, नुसती हनुवटी उचलून दाखवली. पुरुषाच्या लाकडी काठीला बाईने हात लावायचा नसतो, ते व्हेर्नाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. "मग ही दे."

ऑर्विलच्या हातातली पळी थांबली.

"ही माझ्याबरोबर जायची आहे."

"तू कुठे निघालायस? जाशील तेव्हा काढून देतील. किल्ली माझ्याकडे ठेवते हवं तर. मामा, या काठीने तू तीन प्रांतांतल्या संघांना हरवलंस. तुझ्या भावाची त्यांनी जाळली. तुझी त्यांच्याच दारात उभी राहील. यापेक्षा चांगलं काय?"

ऑर्विलने सूपचा घोट घेतला. सूप गरम होतं, पण त्याला चव लागली नाही. भिंतीच्या पलीकडून आवाज आला. धप्.

"बघतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर तो बराच वेळ त्या काठीसमोर बसून राहिला. मुठीवर काळी पट्टी गुंडाळलेली होती. जुनी झाली की तो नवी गुंडाळायचा, पण जुनी कधी काढायचा नाही. एकावर एक चढवत गेल्यामुळे मूठ मनगटाएवढी जाड झाली होती. लोक म्हणायचे, ऑर्विलची पकडच तशी. पट्टीच्या खाली लाकडात तीन रेघा कोरलेल्या होत्या, पक्ष्याच्या पायासारख्या. ती मामाची खूण. मामा पाणलावा पक्ष्याच्या कुळाचा, म्हणजे ऑर्विलच्याच कुळाचा, कारण कूळ आईकडून येतं. त्याने आयुष्यात दोन भाच्यांसाठी दोन काठ्या केल्या. ऑर्विलची लहान होती, तिच्यावर एकच रेघ होती. लेव्हायच्या काठीवर तीन.

भट्टीत गेली ती एका रेघेची.

ऑर्विल दहा वर्षांचा होता. ऑक्टोबरात गादीखाली काठी सापडली आणि सगळ्या पोरांना ओळीत उभं करून त्यांच्यासमोर ती भट्टीत घातली. लेव्हाय हुशार होता. त्याची काठी धोबीघराच्या आढ्यात, कौलांच्या खाली होती. धोबीघराच्या मागे एक उंच विटांची भिंत होती. कोणी नसताना लेव्हाय तिथे चेंडू मारायचा आणि झेलायचा. त्याच्या काठीचा आवाज वेगळाच होता. टक-धप्, टक-धप्, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ऑर्विल कोपऱ्यावर पहारा द्यायचा आणि बघत राहायचा. "मला दे ना जरा," म्हणायचा. लेव्हाय म्हणायचा, "वाढ आधी."

मग लेव्हाय आजाऱ्यांच्या खोलीत गेला. तिथे ऑर्विलला दोनदाच सोडलं. दुसऱ्यांदा लेव्हायच्या उशीवर लाल ठिपके होते. तो म्हणाला, "काठी आण. आता नको, मी गेल्यावर आण. आईला दे, नाहीतर मामाला. बाजूला ठेवा म्हणावं."

ऑर्विल त्या संध्याकाळी आढ्यात चढला. काठी काढली. मुठीवर लेव्हायच्या घामाचा चिकटपणा अजून होता. त्याने ती दोन्ही हातांत धरली, आणि ती त्याच्या हातात बरोबर बसली. तो वाढला होता. त्याने ती पुन्हा कौलांखाली सरकवली. उद्या नेतो, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी, मार्चमधल्या त्या दुपारी तीन वाजता, लेव्हाय गेला. आई शेजाऱ्याच्या गाडीतून आली. शाळेने मृतदेह घरी न्यायला परवानगी दिली नाही. मागच्या ओळीत, जिथे बाकीची मेलेली पोरं पुरली होती, तिथेच खड्डा खणला. आईने ऑर्विलला जवळ ओढून विचारलं, "त्याची काठी कुठंय?"

"जाळली त्यांनी," ऑर्विल म्हणाला, आणि रडायला लागला. बोलणं खोटं होतं, रडणं खरं होतं. म्हणून कोणाला संशय आला नाही.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा त्याने आढ्यातून काठी काढली आणि मूठ पट्टीने झाकली. मामा तोवर वारला होता. पडक्या घरात सापडली, असं त्याने सांगितलं. आईने काठीकडे एकदाच नीट पाहिलं. बाईने हात लावायचा नसतो म्हणून तिने ती हातात घेतली नाही, पट्टी उलगडली नाही. त्या काठीने ऑर्विल पुढे तीस वर्षं खेळला, वर्तमानपत्रात त्याचे फोटो आले. आई एकदाही सामना बघायला आली नाही. मेलेल्यांसाठी जेवण घालतात त्या रात्री मात्र ती लेव्हायचं ताट वाढायची, आणि ताटाच्या उजव्या बाजूला हातभर जागा मोकळी ठेवायची.

सोमवारी ऑर्विल व्हेर्नाच्या बसमध्ये बसून शाळेत गेला. कपाट बघायला, असं त्याने सांगितलं. कपाट त्याने बघितलं. आत बल्ब होता, खाली तांबडी मखमल होती, कुलूप पितळी होतं. मग तो इमारतीला वळसा घालून मागे गेला. वसतिशाळेचं सगळं पाडलं होतं, धोबीघर तेवढं ठेवलं होतं. त्यात आता चेंडू, जाळ्या आणि गवत कापायचं यंत्र ठेवायचे.

मागच्या भिंतीजवळ बर्फ कोरडा होता. पायाचे ठसे नव्हते. तीन वाजले.

धप्.

ऑर्विल दहा हातांवर उभा होता. त्याला कोणी दिसलं नाही. भिंतीवर, चौदा वर्षांच्या पोराच्या छातीएवढ्या उंचीवर, एक ओला गोल डाग उमटला. तो डोळ्यांदेखत वाळत गेला. मग बराच वेळ गेला. धप्. दुसरा डाग पहिल्याच्या शेजारी.

सगळं आयुष्य तो आवाज ऐकत होता, पण आवाज इतका सावकाश का, हे त्याला कधी कळलं नव्हतं. आज समोर उभं राहून कळलं. टक नव्हतं. चेंडू जाळीतून सुटताना लाकूड बोलतं, ते बोलणं त्यात नव्हतं. चेंडू हाताने टाकलेला होता. भिंतीवरून परत आला की वाकून बर्फातून उचलायचा, आणि पुन्हा हातानेच टाकायचा. या खेळात चेंडूला हात लावायचा नसतो. हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. चौसष्ट वर्षं लेव्हाय खेळाच्या बाहेर उभा राहून हाताने चेंडू टाकत होता.

"लेव्हाय," ऑर्विल म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

आवाज थांबला. कोणीतरी वळून बघावं तसा थांबला. ऑर्विलला तिथे उभं राहवलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. समितीचे सात जण लांब टेबलामागे. अध्यक्ष हॅलोरनबाई, चष्मा नाकावर आणि दुसरा चष्मा केसांत. टोकाला प्रॉक्टर, गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. वस्तीतून चाळीसेक माणसं आली होती. ऑर्विल पुढच्या रांगेत बसला, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली काठी. व्हेर्नाने ती बघितली आणि तिचा चेहरा खुलला.

"आणलीस," ती हळूच म्हणाली. "शाबास मामा."

क्लिफर्ड मागून कानाशी लागला. "थोडक्यात सांग. यांची कॉफी संपायच्या आत."

व्हेर्नाने पहिलं पान वाचलं. तिचा आवाज चांगला होता, बसमध्ये चाळीस पोरांना गप्प बसवणारा. वाचून झाल्यावर प्रॉक्टरने पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, गोष्ट वाईट आहे, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही खेळाची यादी ठरवतो. गोष्टींची नाही. आणि याला पुरावा काय?"

"पुरावा हा बसलाय," व्हेर्ना म्हणाली. "माझा मामा. तो तिथे होता."

हॅलोरनबाईंनी वरचा चष्मा काढून खालच्या जागी लावला. "तुम्ही बोलाल का? बसून बोललात तरी चालेल."

ऑर्विल उभा राहिला. त्याच्या पाठीकडे खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे, अंधारात, धोबीघराची भिंत. तो गप्प राहिला असता, नुसती मान डोलावली असती, तरी काम झालं असतं. सगळ्यांचे चेहरे मऊ पडले होते. सहा वर्षांनंतर पहिल्यांदाच मऊ पडले होते. त्याने व्हेर्नाकडे पाहिलं. मग घोंगडी उलगडली, काठी टेबलावर ठेवली, खिशातून चाकू काढला आणि मुठीवरची पट्टी उभी कापली. एकेक थर सोलून काढायला वेळ लागला. खाली पिवळं, घामाने काळवंडलेलं लाकूड निघालं, आणि त्यावर तीन रेघा.

मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांनी ती खूण ओळखली. व्हेर्नानेही ओळखली. तिच्या आईकडे ताक घुसळायची लाकडी रवी होती, तिच्यावर आईच्या मामाने हाच पक्ष्याचा पाय कोरला होता.

"ही लेव्हायची काठी," ऑर्विल म्हणाला. "ही कोणी जाळली नाही. त्यानं मला आणायला सांगितली होती. मला हवी होती म्हणून मी दिली नाही. आईला सांगितलं, जाळली."

समितीतल्या एकाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"म्हणजे पहिलं पान खोटं आहे," प्रॉक्टर म्हणाला.

"एक नाव खोटं आहे. लेव्हायच्या जागी ऑर्विल लिहा. जळाली ती दहा वर्षांच्या पोराची काठी. सगळ्यांसमोर जाळली. तो पोरगा मेला नाही, एवढाच फरक."

"मेला नाही, उलट चौसष्ट वर्षं आमचं डोकं खातोय," क्लिफर्ड मागून म्हणाला. एक-दोघं हसली आणि लगेच थांबली.

हॅलोरनबाई म्हणाल्या, "तुम्ही हे आज का सांगितलंत? नसतं सांगितलं तरी..."

"पोरं इथे खेळणार," ऑर्विल म्हणाला. "तो इथेच आहे. त्याच्या नावावर खोटं सांगून त्याच्याच अंगणात खेळ मांडायचा, हे मला जमलं नाही. द्यायचं तर द्या, नाही तर नका देऊ. पण ही काठी तुमच्या कपाटात ठेवता येणार नाही. ती माझी नाही."

व्हेर्ना पुढे आली. तिने मामाकडे बघितलंच नाही. हॅलोरनबाईंसमोरचा कागद ओढला, लेव्हायच्या नावावर रेघ मारली, शेवटची दोन वाक्यं खोडली आणि वर ऑर्विलचं नाव लिहिलं. पेन इतकं दाबून लिहिलं, की कागद फाटला.

"वाचा आता," ती म्हणाली. "आणि मत घ्या."

मतं चार विरुद्ध तीन अशी पडली. खेळ यादीत गेला. चौथा हात वर झाला तो प्रॉक्टरचा. का झाला, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. लोक उठले, एकमेकांच्या पाठी थोपटल्या गेल्या, पण जत्रेसारखी गर्दी झाली नाही. ऑर्विलच्या भोवती थोडी जागा मोकळी राहिली. क्लिफर्ड तेवढा त्या जागेत येऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या कोटाचं बटण लावून दिलं.

परत येताना व्हेर्नाच्या गाडीत तिघं होती. पुलापर्यंत तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. पुलावर म्हणाली,

"माझी आई शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तिनं तुला विचारलं होतं. लेव्हायला तिकडं काठी मिळाली असेल का रे म्हणून. मी शेजारी होते."

"हो."

"तू म्हणालास, विधाता देतो."

"हो."

गाडी पूल उतरली.

"मी तुला सूप आणून देत जाईन," ती म्हणाली. "पण थोडे दिवस बोलणार नाही."

"बरं."

"किती दिवस ते विचारू नकोस."

"नाही विचारत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्विल आणि क्लिफर्ड शाळेच्या मैदानामागे गेले. तिथे झुडपांच्या आड पोरांच्या थडग्यांची ओळ होती, सिमेंटचे ठोकळे, त्यांवर नुसते आकडे. लेव्हायचा एकोणीस. ऑर्विलने सोबत कुदळ आणली होती. क्लिफर्डने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"झोपलेल्याचं पांघरूण ओढतात का?"

"मग द्यायची कशी?"

क्लिफर्डने बर्फ बाजूला सारला, कोरड्या काटक्या मांडून पेटवल्या, खिशातून तंबाखूची पुडी काढली.

"तिकडे बोलणं पाठवतो ते कशानं? तंबाखूच्या धुरानं. मग लाकूडही जाईल."

"म्हणजे शेवटी जाळायचीच."

"तू सांगितलं होतंस ना जाळली म्हणून," क्लिफर्ड म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "आता खरं कर."

तंबाखू आगीत पडली. ऑर्विल आपल्या भाषेत बोलला, ज्या भाषेसाठी याच जागेवर त्याच्या तोंडात साबण कोंबला होता. फार बोलला नाही. काय आणलंय ते सांगितलं, कोणाचं आहे ते सांगितलं, उशीर कोणी केला ते सांगितलं. मग त्याने काठी आडवी ठेवली. आधी जाळी आकसली, तिच्या वाद्या सुटून वर आल्या. हिकरी सावकाश पेटते. पेटली की मात्र तिची धग चेहरा भाजते. वळण शेवटपर्यंत टिकलं. निखाऱ्यातसुद्धा ते टोक वाकलेलंच दिसत होतं, मग एकदम कोसळलं.

"आता तुझ्या पेटीत काय ठेवायचं?" क्लिफर्डने विचारलं.

"दहा महिने लागतात एक करायला."

"म्हणजे तू अजून दहा महिने छळणार."

ते परत निघाले तेव्हा तीन वाजत होते. धोबीघराजवळ ऑर्विल आपोआप थांबला. क्लिफर्ड पुढे गेला, मग तोही थांबला आणि मागे वळला. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

टक-धप्. टक-धप्. टक-धप्. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

"हे..." क्लिफर्ड म्हणाला.

"कान बरे आहेत तर तुझे."

भिंतीवर एकही डाग नव्हता. आवाज थोडा वेळ चालला. मग तो भिंतीपासून दूर जाऊ लागला, मैदानावरून, झुडपांवरून. जिथे खूप जण खेळतायत तिकडे कोणी पळत जावं तसा गेला. मग ऐकू आला नाही.

त्या आठवड्यात ऑर्विलने पाचवी फाळ तासायला घेतली. रोज तीन वाजता त्याचा चाकू थांबायचा. भिंतीकडून काही यायचं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपण वाट बघतोय. चौसष्ट वर्षं ज्या आवाजाला भ्यालो, त्याच्याशिवाय शेड फार मोठी वाटतेय.

व्हेर्ना सूप ठेवून जायची. नवव्या दिवशी ती दारात रेंगाळली. ऑर्विल वाफेतून फाळ काढत होता. त्याने टोक अडकवलं, गुडघा टेकवला आणि जोर लावला. लाकूड कुरकुरलं.

"पाचवी?" ती दारातूनच म्हणाली.

"पाचवी."

फाळ वळत गेली. जिथे चारही मोडल्या होत्या ती जागा आली, आणि ऑर्विल सवयीने थबकला, दुसऱ्या टोकाची ओढ लागेल म्हणून. ओढ लागली नाही. दुसरं टोक कोणीही धरलेलं नव्हतं. काठी एकट्या त्याच्याच हातात होती. त्याने तार घेतली आणि वळण आवळलं. मनगटं म्हातारी होती, म्हणून गाठ मारायला वेळ लागला. व्हेर्ना जागची हलली नाही. पुरुषाच्या काठीला बाईने हात लावायचा नसतो. पण त्याची गाठ नीट बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.